प्रत्यारोपणाची बातमी होते, प्रोटोकॉलची होत नाही

20 मार्च 1983 रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाचा बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला रक्त बनवणारा गर, देण्यात आला. तिला ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर होता. भारतातलं हे पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी झालेल्या पोलिओमुळे व्हीलचेअर वापरायचे, आणि मेडिकलचा प्रवेशही त्यांना भांडून मिळवावा लागला होता. अमेरिकेत सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे जाऊन ते हे तंत्र शिकले होते. याच कामासाठी थॉमस यांना 1990 मध्ये नोबेल मिळालं.

प्रत्यारोपण म्हटलं की डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येतं. इथे मात्र पेशंटला एकही टाका पडत नाही. भूल देतात ती दात्याला. त्याच्या कमरेच्या हाडात मागच्या बाजूने पुन्हा पुन्हा सुई घालून मॅरो ओढून घेतात; दिसायला तो दाटसर रक्तासारखाच. मग त्याची पिशवी सलाइनसारखी टांगायची आणि तो पेशंटच्या शिरेतून सोडायचा, बस्स. पण मॅरोतल्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी शिरेत सोडल्यावर हाडात कशा पोचतात? हाडाच्या पोकळीतल्या पेशी एक रासायनिक संदेश सोडत असतात. रक्ताबरोबर फिरणाऱ्या मूळ पेशी तो ओळखतात, तिथेच थांबतात आणि नवं रक्त बनवायला लागतात. हे मला अजूनही कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा जास्त थक्क करणारं वाटतं.

खरा धोका या पिशवीच्या आधी आणि नंतर असतो. आधी जबर किमो, कधी रेडिएशनही देऊन कॅन्सरच्या पेशी मारतात. त्यात पेशंटचा स्वतःचा मॅरोही संपतो. नवा मॅरो रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर अंगात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, साधा तापही जिवावर बेतू शकतो. वॉर्डात आईवडिलांचा रोजचा प्रश्न एकच: 'काउंट आला का?' न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर रक्तात 500 च्या वर गेल्या आणि तिथे टिकल्या, की डॉक्टरांच्या जिवात जीव येतो. तरी संकट संपत नाही. दात्याच्या पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटतं आणि त्या त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर तुटून पडतात. गंमत म्हणजे याच पेशी लपून राहिलेला ल्युकेमियाही खातात. त्यामुळे त्यांना पुरतं गप्प करूनही चालत नाही.

अडवाणींची ओळख आजही या प्रत्यारोपणावरून करून दिली जाते. माझ्या मते त्यांचं त्याहून मोठं काम वर्षभरानंतर सुरू झालं. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्यातल्या बहुतेक मुलांना प्रत्यारोपण लागतच नाही. नीट आखलेली किमो लागते. तेव्हा आपल्याकडे पाचातलं जेमतेम एक मूल वाचायचं. 1984 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले डॉ. इयन मॅग्रॅथ यांच्याबरोबर एमसीपी-841 हा प्रोटोकॉल सुरू झाला. कोणतं औषध, किती, कोणत्या दिवशी, हे सगळं इथल्या वॉर्डांना झेपेल असं ठरवलेलं. त्यात व्हिन्क्रिस्टिन होतं, म्हणजे आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं औषध. मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या तीन केंद्रांत आजार न उलटता राहिलेल्या मुलांचं प्रमाण 45 ते 60 टक्क्यांपर्यंत गेलं. याला बातमीचा मथळा मिळाला नाही. दोन-दोन वर्षं चालणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांना कुठला मथळा मिळणार?

आजार उलटला, की मात्र अनेकदा पुन्हा प्रत्यारोपणाकडे यावं लागतं, आणि तिथे अडतं ते दात्यापाशी. पेशींवरच्या ओळखखुणा सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त 25 टक्के. एकुलत्या एका मुलाला तर तीही नाही. आई किंवा वडील निम्मे जुळतातच, पण पूर्वी निम्म्यावर भागत नव्हतं. आता प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे किमोचं जुनं, स्वस्त औषध देतात. दात्याच्या ज्या पेशी हल्ल्यासाठी भराभर वाढायला लागलेल्या असतात, त्याच प्रामुख्याने यात मरतात. मूळ पेशींकडे या औषधाला निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं, म्हणून त्या वाचतात. त्यामुळे आता दाता म्हणून आईचाही विचार होतो, बापाचाही.