कौलांचा अंदाज

कौलांचा अंदाज : उतरत्या छपराला किती कौले लागतील, याची आगाऊ मोजणी. कोकण, गोवा व कर्नाटकाच्या किनारपट्टीवर तिचा मुख्य संबंध मंगलोरी कौलांशी येतो.

जुनी नळ्याची कौले हाताने घडवलेली व कमीजास्त आकाराची असत. ती एक उताणी, एक पालथी अशी बसवत आणि दोहोंचा चढाव (एका कौलावर दुसऱ्याचा येणारा भाग) कारागिराच्या हातावर ठरे. त्यामुळे क्षेत्रफळावरून नेमका आकडा निघत नसे. साच्यातील, खाचा असलेले एकसारखे कौल आल्यावर हे गणित शक्य झाले. या कौलाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. बाझेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने साधारणतः 1865 च्या सुमारास मंगळूर येथे नेत्रावतीकाठी कौलांचा कारखाना काढला. त्याचे श्रेय गेऑर्ग प्लेब्स्ट यांना दिले जाते व काहीजण कौलाचा शोधही त्यांच्याच नावे मांडतात. तथापि आल्सेसमधील गिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट 1841 मध्येच घेतले होते. मंगळुरास नवा शोध लागला असे मानण्यापेक्षा परिचित यूरोपीय नमुना तेथील मातीत उतरला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. नाव मात्र मंगळूरचेच राहिले.

भारतीय मानक 654 मध्ये या कौलाची 410×235, 420×250 व 425×260 मिमी. अशी मापे आहेत. लांबीत किमान 60 व रुंदीत 25 मिमी. चढाव धरला, तर लहान कौलाचा उघडा भाग 350×210 मिमी. उरतो, म्हणजे चौ. मीटरला सुमारे 13.6 आणि ब्रासला 126 कौले. मोठ्या मापाची ब्रासला सुमारे 108 पुरतात. (छपराचा ब्रास 100 चौ. फुटांचा, वाळूचा 100 घनफुटांचा. बोलण्यात दोहोंची गल्लत होते.)

30×20 फुटी दुपाखी (दोन उतरत्या बाजू, म्हणजे पाखी, असलेल्या) घराला चारी बाजूंनी अडीच फूट वळचण धरल्यास जमिनीवरील माप 35×25, म्हणजे 875 चौ. फूट होते. यावरच लहान मापाची कौले काढली तर ती सुमारे 1,106 येतात. उतार 30 अंशांचा असेल, तर क्षेत्र 1.155 पट, म्हणजे सुमारे 1,010 चौ. फूट होते व कौले 1,280 च्या घरात जातात. उतार विसरणाऱ्यास अशी पावणेदोनशे कौले कमी पडतात. ओळींनी मोजल्यास आकडा आणखी वाढतो : पाख्याची उतरती लांबी 4.4 मी., तिला 13 ओळी. आढ्याच्या दिशेने एका ओळीत 51 कौले. दोन पाख्यांची मिळून 1,326. अर्धी ओळ बसवता येत नसल्याने हा फरक पडतो. रिपांमधील (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधील) अंतर कौलाच्या मापावरूनच ठरत असल्याने सुतारालाही ओळींचाच हिशेब सोयीचा पडतो व प्रस्तुत नोंदीत तोच ग्राह्य धरला आहे.

चौपाखी घराला जास्त कौले लागतात, हा समज अर्धाच खरा आहे. जमिनीवरील माप व उतार सारखे असल्यास दुपाखी आणि चौपाखी छपरांचे क्षेत्रफळ सारखेच भरते. वाढ होते ती कोनांवर तिरकी कापावी लागणारी कौले वाया गेल्याने. पन्हळीच्या कडेलाही तेच घडते.

आढ्याची कौले वेगळी. ती आढ्याच्या व कोनांच्या लांबीवरून काढतात. फुटीसाठी शेकडा पाच वाढवण्याचा प्रघात आहे. माजघरावर उजेडासाठी काचेची दोनचार कौले घालायची असल्यास तेवढी वजा करतात. एक कौल कोरडे असता साधारण 2 ते 3 किग्रॅ. भरते, म्हणजे वरील घराच्या वाशांवर अडीच ते चार टन भार येतो. लाकडाचा अंदाज म्हणून याच आकड्यावरून पुढे जातो. उरलेली कौले गोठ्याच्या भिंतीशी उभी रचून ठेवतात आणि पावसाआधीच्या शाकारणीत फुटक्यांच्या जागी घालतात.