चितार ओळीतून सुरू होणारी गोष्ट

आजचा शिल्पकार दगड बाजूला ठेवतो. माती, कागद, बांबू, भंगार हाताशी धरतो आणि प्रदर्शन संपलं की कधीकधी आपलंच काम मोडून टाकतो. हे वारं बाहेरून आलं, असं अनेकांना वाटतं. नागपुरात वाढलेल्या माणसाला मात्र त्यात नवल वाटायला नको.

दगडाची परंपरा आपल्याकडे आहेच. रामटेकजवळच्या मनसरला १९७२ मध्ये सापडलेली वाकाटककालीन शिवमूर्ती बघा: ठेंगणी, गुबगुबीत, चेहरा प्रसन्न. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १८६३ पासूनचा आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, तोही जुनी शिल्पं सांभाळून आहे. पण शहराचा हात घडला तो महाल भागातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत.

तिथे पोळ्याच्या आधी जाऊन उभं राहावं. गणपतीसाठी पाटावर लाकडाचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळलेलं तणस (भाताचा पेंढा), वर मातीचे थर. माती तडकू नये म्हणून तिच्यात कापूस मळतात आणि ओलं फडकं घालून ठेवतात. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. त्या वेळी कारागीर बोलत नाही. एवढं करून मूर्ती जाते पाण्यात. गणपती शिरले, म्हणजे विसर्जित झाले, की पितृपक्षात भोसल्यांच्या परंपरेतला हडपक्या गणपती बसतो, म्हणजे पुन्हा माती, पुन्हा विसर्जन.

मारबत तर जाळण्यासाठीच घडवतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. बांबू, कागद, कापड यांची ही प्रचंड आकृती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ या घोषात रस्त्यावर येते आणि सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषाकृती पुतळे, त्या वर्षीच्या घडामोडींवर बोट ठेवतात. राजकीय शिल्पाचं इतकं जुनं आणि जिवंत उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

कलाशाळांची वाट वेगळी होती. मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झालं आणि हुबेहूब मानवाकृतीचं पाश्चात्त्य वळण रुजलं. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची १८९६ ची ‘मंदिरपथगामिनी’ त्यातलीच. चौकाचौकांतले पुतळे याच वळणाचे. राम सुतारांचा १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा हे त्याचं टोक. पण ओतकाम करायचं तरी आधी माती येतेच. मातीचं प्रारूप, त्यावरून साचा, मग मेण, मग धातू. पुतळा चौकात उभा राहतो, माती मात्र मागे राहते.

आजची पिढी त्या मागे राहिलेल्या मातीकडे वळली आहे. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते यांचं घराणं कोळसा खाणीत राबलेलं. बडोद्याला शिल्पकला शिकलेले पाचपुते कोळशाने थेट भिंतीवर माणसं काढतात, कुणाच्या धडावर डोक्याऐवजी भलतीच वस्तू असते. प्रदर्शन उतरलं की अशी भिंत पुसली जाते. ज्या खाणीतल्या कोळशाने पिढ्यांचं पोट भरलं त्याचीच आठवण देणारा त्यांचा रंग. त्यांच्या कामात साहित्य आणि विषय वेगळे काढताच येत नाहीत.

ओळीतल्या कारागिरांवरही दिवस बदलले. प्लास्टर ऑफ पॅरिसने साच्यातली मूर्ती स्वस्त आणि हलकी केली, हाताचं काम मागे पडलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूर्ती विसर्जनाबाबतच्या २०२० च्या सूचनांनंतर नैसर्गिक मातीची चर्चा पुन्हा सुरू झाली. ओळीत तणस बांधणारे हात अजून आहेत. कलाशाळेतल्या मुलांनी निदान एक पावसाळा त्यांच्याजवळ बसावं.