पत्र्याचं टेम्प्लेट की ट्रिमचं टेम्प्लेट? भोकं पाडायच्या आधी हे वाचा

गाडीसाठी नवीन फेंडर (चाकावरचा पत्रा) किंवा दरवाजा आणला की बऱ्याचदा तो कोरा येतो, म्हणजे पत्रा बरोब्बर पण बॅज, मोल्डिंग, बीडिंग यांची, म्हणजे ट्रिमची, भोकंच नाहीत, कारण तोच पत्रा ट्रिमवाल्या मॉडेलला पण लागतो आणि बिनट्रिमच्या पण. मग भोकं आपल्यालाच पाडायची आणि त्यासाठी टेम्प्लेट, म्हणजे भोकांच्या जागांचा नमुना, बनवायचं. गडबड इथेच होते, कारण टेम्प्लेट दोन प्रकारची असतात, एक जुन्या पत्र्यावरून काढलेलं आणि एक ट्रिमच्या मागच्या पिनांवरून काढलेलं, दिसायला दोन्ही सारखीच, कागदावर भोकं! पण दोघांकडून मिळणारी माहिती वेगळी आहे.

जुन्या पत्र्यावरचं टेम्प्लेट सांगतं की ट्रिम गाडीवर नेमकी कुठे बसते. ट्रिम काढायची, भोकांवरून पेपरची मास्किंग टेप न ताणता लावायची (विनाइलची नको, ती ताणली जाते आणि सुटल्यावर आखडते), पेन्सिल आडवी धरून भोकांवरून घासली की कडा छान उमटतात. आता सगळ्यात महत्त्वाचं, त्याच टेपवर पत्र्याची बॉडी लाइन (पत्र्यावरची उठावाची लांब रेघ) आणि किमान दोन कडा पण उमटवून घ्या, म्हणजे दरवाजाची पुढची कड आणि खालची कड वगैरे. नुसती भोकं उतरवलेलं टेम्प्लेट नवीन पत्र्यावर कुठेही सरकवता येतं, म्हणजे त्याचा काही उपयोग नाही. भोक गोल आहे की लांबट हे पण लिहून ठेवा, कारण बऱ्याच ट्रिममध्ये एक भोक घट्ट गोल असतं, ते जागा पक्की करतं, आणि दुसरं लांबट ठेवलेलं असतं म्हणजे थोडाफार फरक खपून जातो. दोन्ही गोल पाडली की पिन बसता बसत नाही आणि जोर केला की तुटते.

ट्रिमवरचं टेम्प्लेट फक्त पिनांमधलं अंतर सांगतं, जागा अजिबात सांगत नाही. जाड पुठ्ठा घ्या, ट्रिम त्यावर सरळ दाबा, पिना आरपार जातात आणि अंतर मिळतं. ट्रिम आहे तशीच ठेवून पुठ्ठ्यावर वरून दाबली तर भोकं बरोबर उमटतात, पण ट्रिम उलटी करून मागून ट्रेस केलं तर सगळं आरशासारखं उलटं होतं, म्हणून हातासरशी पुठ्ठ्यावर "बाहेरची बाजू" आणि "पुढे" असं लिहून टाका. बॅजसारख्या छोट्या, कडक वस्तूला ही पद्धत उत्तम. चाकाच्या कमानीवरच्या लांब प्लॅस्टिक ट्रिमला मात्र नाही, कारण गाडीवरून काढली की ती उघडते, सरळ व्हायला बघते, आणि टेबलावर घेतलेली मापं कमानीवर जुळत नाहीत. आणि ज्या मोल्डिंगमध्ये क्लिपा खाचेतून पुढेमागे सरकतात, त्यात तर ट्रिमकडे सांगण्यासारखं अंतरच नसतं, तिथे पत्राच विचारायचा.

मग कोणाचं ऐकायचं? माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या भोकाची जागा पत्र्यावरून, बाकीच्यांचं अंतर कडक ट्रिम असेल तर ट्रिमवरून. दोन्ही टेम्प्लेट एकावर एक ठेवून बघा, जुळली तर झकास, नाही जुळली तर ड्रिल बाजूला ठेवा आणि कारण शोधा. बहुतेक वेळा जुना पत्रा ठोकरीत ताणला गेलेला असतो, किंवा आधी कोणीतरी पुटी भरून भोकं अंदाजानं पाडलेली असतात. अशा वेळी गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या धड पत्र्यावरून टेम्प्लेट घेऊन ते पालथं करायचं. फक्त अक्षरांच्या बॅजला हे चालत नाही, कारण अक्षरं दोन्ही बाजूंना डावीकडून उजवीकडेच वाचतात, पिना पण त्याच क्रमानं असतात, तिथे जागा पालथी करून घ्या पण पिनांचं अंतर बॅजवरूनच.

नवीन पत्रा आधी गाडीवर लावून गॅप, म्हणजे शेजारच्या पत्र्याशी राहणारी फट, सेट करा, मग टेम्प्लेट चिकटवा, कारण ट्रिमची रेघ शेजारच्या दरवाजाच्या ट्रिमला मिळाली पाहिजे. लांब पट्टी असेल तर शेजारच्या पत्र्यापर्यंत मास्किंग टेपची सरळ रेघ ओढून चार पावलं मागे जाऊन बघा, २ मिमीचा फरक पण लांबून डोळ्यात खुपतो. सेंटर पंच (ड्रिलच्या टोकासाठी खूण पाडायचं टोकदार हत्यार) हलकाच मारा, पातळ पत्रा लगेच आत जातो. आधी ३ मिमीचं भोक, ट्रिमच्या पिना भोकांसमोर बरोबर येतात का बघा, मग क्लिपच्या मापापर्यंत वाढवा. दरवाजा असेल तर आत काच, वायरिंग आहे का बघा आणि काच वर घ्या.

हे सगळं पेंटच्या आधी झालं पाहिजे म्हणजे भोकाच्या कडेला पण प्रायमर आणि रंग बसतो. पेंट झालेल्या पत्र्यावर पाडायची वेळ आलीच तर कडेची बर (ड्रिलनं उठलेली धारदार कोर) काढून प्रायमर आणि रंग ब्रशनं लावा, आणि आत पडलेला लोखंडी कीस व्हॅक्यूमनं सगळा काढा, तो तळाशी राहिला की ओल धरतो आणि दरवाजाला खालून गंज सुरू होतो.