‘क्लू’ म्हणजे सुताचा गुंडा: इंग्रजी शब्दखेळांच्या नावांची पार्श्वभूमी

‘पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले’ हे वाक्य इतक्या वेळा वाचनात येते, की त्यातला धागा आता कुणाला दिसत नाही. इंग्रजीतल्या ‘क्लू’चेही तसेच झाले आहे. या शब्दाचा जुना अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसियस भुलभुलैयात शिरतो, तेव्हा अरिआद्नी त्याच्या हाती असाच गुंडा देते. तो उलगडत तो आत जातो आणि त्याच सुताच्या आधाराने बाहेर पडतो. गुंड्याचा अर्थ मागे पडला आणि वाट दाखवणारी खूण एवढाच उरला. शब्दकोड्याच्या चौकटीशेजारी आडव्या आणि उभ्या शब्दांसाठी ज्या सूचना छापतात, त्या याच सुताच्या.

‘रिडल’ तर त्याहून जुना. तो ‘रीड’ म्हणजे वाचणे या क्रियापदाचा सख्खा नातलग. जुन्या इंग्रजीत त्या धातूला सल्ला देणे, उलगडा करणे असेही अर्थ होते. मूळ नाम ‘रॅडेल्स’ असे काहीसे होते. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा आहे अशी लोकांची समजूत झाली आणि त्यांनी तो छाटून टाकला. म्हणजे कोड्याचे नावच चुकीच्या उत्तरातून घडले! एक्सेटर कॅथीड्रलमध्ये जपलेल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात नव्वदहून अधिक पद्यकोडी आहेत, पण उत्तर एकाचेही दिलेले नाही. काहींवर अभ्यासक अजून वाद घालतात.

नंतरचा मोठा गट ग्रीक-लॅटिन शिकलेल्यांचा. अक्षरांची उलथापालथ तो ‘अ‍ॅनाग्राम’, उलट धावत आला तरी तोच राहणारा तो ‘पॅलिन्ड्रोम’, ओळींच्या टोकांवरच्या अक्षरांतून शब्द साधणारा तो ‘अ‍ॅक्रॉस्टिक’. व्याख्या नावातच बसलेली. ‘लिसन’ची सहा अक्षरे हलवली की ‘सायलेंट’ होतो, हे इंग्रजीत लिहून पाहिल्याशिवाय पटत नाही. कारण हा खेळ उच्चारांचा नसून स्पेलिंगचा आहे. एकच ध्वनी अनेक तऱ्हांनी लिहिणाऱ्या भाषेत असे खेळ फोफावले, यात नवल वाटायला नको.

व्हिक्टोरियन दिवाणखान्यांत या विद्वानांच्या खेळांची करमणूक झाली. लुइस कॅरॉलने 1877च्या नाताळात एक खेळ रचला: एकेक अक्षर बदलत एका शब्दावरून दुसऱ्यावर जायचे, आणि मधला प्रत्येक टप्पाही खरा शब्द हवा. ‘हेड’पासून हील, टील, टेल, टॉल असे करत ‘टेल’पर्यंत, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत. (दोन्ही ‘टेल’ आपल्या लिपीत सारखे दिसतात, इंग्रजीत वेगळे.) त्याने नाव दिले ‘डब्लेट्स’. ते टिकले नाही. आज लोक ‘वर्ड लॅडर’ म्हणतात, आणि शिडीचे चित्र डोळ्यांपुढे आणणारे हे नाव मला अधिक चपखल वाटते.

शब्दकोड्याचा जन्म मात्र छापखान्यातला. 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांचे हिऱ्याच्या आकाराचे कोडे आले. आजची परिभाषा त्यात जवळजवळ नव्हतीच. सूचनांना ‘क्लू’ नव्हे, ‘डेफिनिशन्स’ म्हटले होते. ‘अक्रॉस’ आणि ‘डाउन’ असे भाग नव्हते. शब्द कुठून कुठे जातो हे ‘2-3’ अशा आकड्यांच्या जोडीने कळे. काळी घरेही नव्हती. मथळा होता ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांनी छापताना त्यातल्या दोन शब्दांची अदलाबदल झाली, आणि पुढे उलटे नावच जगभर गेले.

1924मध्ये सायमन आणि शुस्टर यांनी शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक पेन्सिलीसकट विकले. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या नादाला वेळेचा पापी अपव्यय म्हटले होते. त्याच पत्राने 1942मध्ये स्वतःचे कोडे सुरू केले.

अटलांटिक ओलांडल्यावर शब्द बदलले. अमेरिकेत कोडे रचणारा ‘कन्स्ट्रक्टर’, ब्रिटनमध्ये ‘सेटर’. ब्रिटनने ‘क्रिप्टिक’ ही शाखा वाढवली. तिथे सूचनेच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात शब्दांची कसरत, आणि वाक्य वरवर तिसरेच काही सांगते. अशी कोडी घालणाऱ्यांनी टोपणनावेही छळ करणाऱ्यांची घेतली. एडवर्ड पॉइस मॅथर्स झाले ‘टॉर्केमाडा’, स्पेनच्या धर्मन्यायालयाचे क्रूर प्रमुख. त्यांचे वारसदार डेरिक मॅकनट यांनी तिथलेच ‘झिमेनेस’ हे नाव उचलले. 1972पासून ‘एझेड’ हे टोपणनाव आले: तिथलाच आणखी एक प्रमुख ‘देझा’ याचे नाव उलटे लिहिलेले, शिवाय ब्रिटिश उच्चाराने ए ते झेड. अख्खी वर्णमाला आणि एक छळवादी चार अक्षरांत! या परिभाषेतला एवढा नेटका शब्द मला दुसरा आठवत नाही.

खेळण्यांच्या बाजारातून आलेली नावे त्यापुढे साधीच. मंदीत नोकरी गेलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून प्रत्येक अक्षराच्या सोंगट्यांची संख्या आणि गुण ठरवले. खेळाला त्यांनी आधी ‘लेक्सिको’, मग ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’ म्हटले. 1948मध्ये जेम्स ब्रुनो यांनी ‘स्क्रॅबल’ नाव दिले. हा शब्द डच भाषेतून आलेला; अर्थ ओरखडणे, हाताने चाचपडणे. सात सोंगट्यांकडे पाहत बसलेल्या माणसाला तो लगेच पटतो.

जोश वॉर्डल यांनी 2021च्या ऑक्टोबरात खुल्या केलेल्या ‘वर्डल’ या शब्द ओळखण्याच्या ऑनलाइन खेळाच्या नावात ‘वर्ड’ आहे आणि त्यांचे आडनावही. 2022च्या जानेवारीत तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकत घेतला. त्या सुमारास नक्कल करणाऱ्यांनी आडनावाचे शेपूट तोडून प्रत्यय बनवला: एकदम चार शब्द शोधायचे ते ‘क्वॉर्डल’, गाणे ओळखायचे ते ‘हर्डल’, देशाच्या आकृतीवरून नाव सांगायचे ते ‘वर्ल्डल’.