ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे कोड : गाडी आमच्याकडे सोडण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला, कोणीतरी स्कॅनर लावून 'पी०७००' हा कोड वाचला आणि लगोलग गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्चही सांगून टाकला, अशा अवस्थेत पुष्कळ ग्राहक आमच्या अंबडच्या गॅरेजमध्ये येतात. पी०७०० हा खरे पाहता केवळ निरोप आहे. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने (म्हणजे तो चालवणाऱ्या छोट्या संगणकाने) आपल्याकडे बिघाडाची नोंद झाल्याचे इंजिनच्या युनिटला कळवलेले असते, इतकाच त्याचा अर्थ. मूळ नोंद गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये राहते आणि मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुधा तिथवर पोहोचत नाहीत. त्यामुळे केवळ या कोडावर दिलेले कोटेशन आपण स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोडातील 'पी' हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्स या विभागाचे असते. त्यानंतरचा आकडा ० असल्यास कोडाचा अर्थ सर्व कंपन्यांच्या गाड्यांत सारखा असतो, १ असल्यास तो त्या कंपनीने स्वतः ठरवलेला असतो. म्हणून 'पी१७' ने सुरू होणाऱ्या कोडाचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या गाडीवरून काढू नये.

कोड कोणता पार्ट बदलावा हे सांगत नाही, कोणत्या सर्किटमध्ये गडबड दिसली तेवढे सांगतो. गेल्या पावसाळ्यात गोदाघाटाजवळच्या साचलेल्या पाण्यातून काढलेली एक गाडी 'पी०७१५', म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरच्या (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटचा कोड घेऊन आली. ग्राहकाने नवा सेन्सर आधीच विकत आणला होता. आम्ही कनेक्टर उघडला तेव्हा एका पिनवर हिरवट गंज चढलेला आढळला. पिन साफ करून सील बदलल्यावर कोड परत आला नाही आणि सेन्सर दुकानात परत गेला.

'पी०७३०' हा कोड गिअर रेशो चुकल्याचा आहे. इनपुट व आउटपुट शाफ्टच्या वेगांची तुलना करून युनिट तो देते, आणि ही तुलना आतली क्लच घसरल्याने जशी चुकते, तशीच ऑइल कमी असल्याने किंवा एखादा सेन्सर चुकीचा वेग दाखवत असल्यानेही चुकते. यासाठी आम्ही प्रथम ऑइलची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तपासतो आणि ऑइलचा रंग व वास पाहतो. जळका वास आला, तरच आतल्या दुरुस्तीचा विषय काढतो.

'पी०७४१' टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचशी संबंधित आहे. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देतो आणि लॉक-अप क्लच लागला, की दोन्ही थेट जोडले जातात. याची चाचणी गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर होत नाही, म्हणून आम्ही गाडी मुंबई-आग्रा महामार्गावर नेतो. गिअरबॉक्स गरम झाल्यावर स्थिर वेगात ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पॅडल किंचित दाबले, की लॉक-अप सुटते आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) थोडा वर चढतो. तो जागचा हललाच नाही, तर लॉक-अप मुळात लागतच नव्हते, असा संशय बळावतो. या फेरीत ग्राहकाने सोबत बसावे, हे आम्हाला आवडते.

या सर्वांच्या आधी बॅटरी तपासली जाते. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमकुवत बॅटरीमुळे खोटे कोड नोंदले जातात, आणि एएमटी गाड्यांत (मॅन्युअल गिअरबॉक्सचे क्लच व गिअर यंत्राने आपोआप बदलणाऱ्या गाड्यांत) गिअर अडकण्यामागेही कधी कधी तेवढेच कारण निघते.

आपणांस एक आग्रहाची विनंती आहे. येण्यापूर्वी कोड उडवू नयेत व बॅटरीची वायरही काढू नये, कारण कोड पडला त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि इंजिनचे तापमान यांची युनिटने जपलेली नोंद त्याबरोबर पुसली जाते. दिवा कसारा घाट चढताना लागला की सकाळी गाडी थंड असताना, हे कागदावर लिहून आणल्यास आमचे निम्मे काम होते.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल, तर युनिटने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी तसे केलेले असते. अशा वेळी घाटात जोर लावू नये, गाडी सुरक्षित जागी उभी करून आम्हाला फोन करावा. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढून आणू नये. पुढची चाके फिरत राहिली आणि इंजिन बंद असले, तर गिअरबॉक्सला ऑइल मिळत नाही. म्हणून सपाट ट्रकवर चढवूनच ती आणावी.

तपासणी झाल्यावर वाचलेले सर्व कोड, मोजलेले व्होल्टेज आणि ऑइलची स्थिती यांचा लेखी कागद आपल्याला दिला जाईल. दुरुस्ती आमच्याकडे करून घ्यायची नसली, तरीही तो कागद आपलाच राहील.