ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा नापास झालात? आधी तारखा मोजा

ट्रॅकवर गाडी बंद पडून नापास झालं की पुन्हा आरटीओची पायरी चढावीशी वाटत नाही. माझ्या मावशीनेही तिसऱ्या वेळेनंतर फाइल कपाटात ठेवून दिली होती. तिची चौथी टेस्ट होऊ शकली, कारण लर्निंग लायसन्सची मुदत अजून शिल्लक होती.

लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळून ३० दिवस झाल्यावरच पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. नापास झाल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९ नुसार ७ दिवसांनी पुन्हा संधी मिळते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने अशा उमेदवाराला ड्रायव्हिंग स्कूलमधून सुधारणा प्रशिक्षण घेण्याची अटही घातली आहे.

समजा, लर्निंग १ जानेवारीला मिळालं. पहिली टेस्ट फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिली, तर तिन्ही वेळा नापास होऊनही एप्रिलअखेर चौथी देता येते. तीच पहिली टेस्ट एप्रिलअखेरपर्यंत लांबवली, तर ६० दिवस सरेपर्यंत लर्निंगच संपतं. मग नवं लर्निंग काढा आणि पुन्हा ३० दिवस थांबा. म्हणून पहिली तारीख लवकर घ्या.

फेरटेस्टचा स्लॉट ‘सारथी’ पोर्टलवर घ्यायचा. केंद्राच्या नियमांप्रमाणे टेस्टची फी दर वेळी, प्रत्येक वाहन प्रकारासाठी ३०० रुपये आहे. जाताना लर्निंग, अर्जाची आणि स्लॉटची प्रिंट, फीची पावती, वय-पत्त्याचे मूळ पुरावे घ्या. गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसीही लागतं. विम्याची तारीख आदल्या दिवशीच तपासा.

थांबायचे ६० दिवस सरावाचे आहेत. लर्निंग चालू असेल आणि शेजारी लायसन्सधारक शिकवणारा बसला असेल, तर ‘एल’ लावून गाडी चालवता येते. मावशीची गाडी दर वेळी चढावरच मागे घसरायची. तिने इतर सगळं बाजूला ठेवून तेवढंच घोटलं: हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचललं, की पाय तिथेच धरून हँडब्रेक सोडायचा आणि मग अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. शक्यतो ज्या गाडीवर टेस्ट देणार, त्याच गाडीवर हे करा, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या जागी धरतो.