पेंडीत अडकलेल्या कॅलरी

एक किलो सोयाबीन पेंड बंद भांड्यात ऑक्सिजन भरून पूर्ण जाळली, तर साधारण ४,२०० किलोकॅलरी उष्णता निघते. तीच पेंड ब्रॉयलरला खाऊ घातली, तर त्याच्या अंगी लागतात जेमतेम २,३०० ते २,४००. मक्याचं तसं नाही. त्यातल्या ३,९०० पैकी ३,३०० च्या आसपास पक्ष्याला मिळतात. मग पेंडीतली बाकीची ऊर्जा जाते कुठे? थोडी नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकण्यात खर्च होते आणि बरीचशी न पचता थेट लिटरमध्ये, म्हणजे कोंबड्यांखाली अंथरलेल्या भुशात, पडते.

पोल्ट्रीवाल्याच्या खर्चातला ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा, आणि खाद्यात खरा पैसा जातो तो ऊर्जेवर. फिनिशर खाद्यात, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, किलोमागे साधारण ३,१०० किलोकॅलरी लागतात. ६० टक्के मका आणि ३२ टक्के पेंड धरून हिशेब करा, आकडा २,७५० च्या आसपास अडतो. वरच्या साडेतीनशेसाठी ४ टक्के तेल ओतावं लागतं. (राहिलेले ४ टक्के म्हणजे शिंपल्यांची भुकटी, फॉस्फेट, मीठ वगैरे, त्यात ऊर्जा नाही.) हे तेल वाचावं म्हणून खाद्यात एन्झाइम, म्हणजे अन्न तोडून पचायला मदत करणारी प्रथिनं, मिसळतात.

एन्झाइमला स्वतःच्या कॅलरी नसतात. टनभर खाद्यात काही शे ग्रॅम पावडर, तिच्यातून ऊर्जा येणार कुठून? ती फक्त अडकलेली ऊर्जा मोकळी करते. वनस्पतीच्या पेशींच्या भिंती तंतुमय असतात आणि त्यांच्या आत स्टार्च आणि प्रथिनं कोंडलेली असतात. पोटा-कलेजीतला तो पोटा, म्हणजे कोंबडीचं दळण्याचं जातं, दाणे भरडतो. पण सगळ्या भिंती फुटत नाहीत, आणि खाद्य काही तासांत आतड्यातून पुढे निघून जातं. झायलानेज हे एन्झाइम या भिंतीला भोकं पाडतं. सोयाबीनमध्ये मॅनन नावाचा तंतू असतो, त्यासाठी मॅननेज. शिवाय पेंडीत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. कडधान्यं खाल्ल्यावर आपल्याला गॅस होतो तो यांच्यामुळेच. त्या तोडणारं एन्झाइम ना आपल्या लहान आतड्यात असतं, ना कोंबडीच्या.

या विषयाची सुरुवात मात्र मका-सोयाबीनमधून झालेली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांना दिसलं, की बार्लीच्या खाद्यात एन्झाइम मिसळलं तर पिल्लं चांगली वाढतात. बार्लीतलं बीटा-ग्लुकॅन आतड्यात चिकट लगदा करतं. पाचकरस अन्नापर्यंत नीट पोचत नाहीत, विष्ठा चिकट होते, लिटर ओलं राहतं. ते तोडणाऱ्या बीटा-ग्लुकानेज या एन्झाइमनं हा चिकटपणा मोडतो आणि फरक डोळ्यांना दिसतो. गहू-बार्लीवर कोंबड्या पोसणाऱ्या युरोपात ही एन्झाइमं रुळली त्याचं कारण हेच. आपल्याकडचं मक्याचं खाद्य मुळातच चिकट नसतं. त्यामुळे तिकडच्या चाचण्यांचे आकडे दाखवून इकडे कोणी पावडर विकत असेल, तर थोडं सावध राहिलेलं बरं.

फायटेज या एन्झाइमचं काम वेगळं. ते मुख्यतः फॉस्फरस सोडवतं, ऊर्जेतली भर त्या मानानं थोडी.

आता कागदावरचा हिशेब. कंपनी सांगते, की आमच्या एन्झाइमला खाद्याच्या किलोमागे ८० किलोकॅलरी धरा. म्हणजे टनाला ८०,००० किलोकॅलरी, साधारण ९ किलो तेलातली ऊर्जा. तेवढी ऊर्जा खाद्यातून कमी केली तरच खर्च वाचतो. तेल आहे तेवढंच ठेवून वरून पावडर टाकली, तर पक्ष्याची गरज आधीच भागलेली असते आणि फायदा बहुधा नजरेत भरत नाही. याच्या उलट चूकही होते. झायलानेजचे ६०, मॅननेजचे ५०, प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएजचे ४०, असे आकडे एकावर एक रचले जातात. पण न पचलेला भाग एकच आहे. तो दोनदा सोडवता येत नाही. अशा बेरजेनं तेल कापलं की बॅचचं वजन मागे पडतं. खाद्य दाबून त्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, करताना वाफेनं ते ८० अंशांच्या वर तापतं, त्यात साधं एन्झाइम मरतं ते आणखी वेगळंच. उष्णता सोसणारं तरी घ्यावं लागतं, नाहीतर पेलेट थंड झाल्यावर वरून फवारावं लागतं.

अलीकडे या हिशेबात नवा घटक आला आहे. इथेनॉलसाठी मका वळल्यानं त्याचे भाव वाढले, आणि इथेनॉल कारखान्यातून निघणारा चोथा, डीडीजीएस, खाद्यात शिरला. आंबवताना त्यातला स्टार्च संपतो, म्हणून तंतू मक्याच्या जवळजवळ तिप्पट उरतात. इथे एन्झाइमला काम भरपूर आहे. मात्र मक्यात बुरशीचं विष असेल तर तेही तिपटीनं साठतं, आणि त्यावर झायलानेजचा काही उपाय चालत नाही.

खरं-खोटं तपासायचं तर एकाच दिवशी आलेल्या पिल्लांचे तीन गट करावेत: एकाला नेहमीचं खाद्य, दुसऱ्याला तेल कमी केलेलं, तिसऱ्याला तेच कमी तेलाचं खाद्य अधिक एन्झाइम. दुसरा गट बरेच जण गाळतात, कारण मुद्दाम मागे पडणारी कोंबडी कोणाला नको असते. पण दुसरा गट पहिल्यापेक्षा मागे पडलाच नाही, तर ते तेल आधीपासूनच जादा होतं, आणि तिसऱ्या गटाच्या वजनाचं श्रेय पावडरीला देता येणार नाही.